ताणा

अमझेऱ्याच्या सभेत माझं काम एवढंच होतं : प्रास्ताविक, पाच मिनिटं. निमित्त २९ नोव्हेंबरचं. १७२८ साली याच दिवशी चिमाजीअप्पांनी इथे मोगल सुभेदाराला बुडवलं. देवासहून निघताना बायको म्हणाली, “पाच म्हणजे पाच हं!”

पण तोवर मी वाचन केलं होतं. रोमन लोक भाषणाच्या सुरुवातीला ‘एक्झॉर्डियम’ म्हणत, हे कळलं आणि मी बिघडलो. शब्द मुळात विणकराचा : मागावर ताणा लावणं, म्हणजे कापडाचा आरंभ. श्रोत्याला प्रसन्न, सावध आणि ऐकायला राजी करणं हे त्याचं काम, असं सिसेरो सांगून गेलाय. एवढा माल हाती असताना नुसतं “मान्यवरहो” म्हणून खाली बसायचं?

मी रोमहून निघालो. महेश्वरला पोचेपर्यंत वीस मिनिटं झाली. अहिल्याबाईंनी वसवलेले विणकर, त्यांचे माग, साडीचे काठ! पुढच्या रांगेतल्या काकूंचा महेश्वरी पदर नमुना म्हणून दाखवावा असं मनात आलं, पण मी एक पाऊल पुढे टाकताच काकूंनी तो कमरेला खोचला. बाहेर पोहे निवत होते. मुख्य वक्ते हसतमुखाने घड्याळ पाहत होते.

सुभेदार गिरधर बहादुर अमझेऱ्याच्या घाटावर डोळे लावून बसला आणि मराठे मांडूच्या बाजूने चढून आले, असं सांगतात. माझंही तेच झालं. मी अध्यक्षांच्या चिठ्ठीवर नजर ठेवून होतो. हल्ला आला शेवटच्या रांगेतून. एक आजोबा उठून म्हणाले, “भाऊसाहेब, ताणा फार ताणलात. आता जरा मराठी बाणा येऊ द्या!”

सिसेरोला हवी होती ती प्रसन्नता सभागृहात त्या क्षणी प्रथम दिसली. काकू तर डोळे पुसत होत्या.

मी बसलो. माझ्या भाषणातली फौज अजून पुण्यातून हललीसुद्धा नव्हती. वक्त्यांनी मल्हारराव होळकर, उदाजी पवार, सगळ्यांना दहा मिनिटांत रणात उतरवलं, गिरधर बहादुर आणि दया बहादुर दोघांनाही पाडलं, माळव्याचं दार उघडलं आणि परतीची बसही गाठली.

पुढच्या वर्षीसाठीही मंडळाने मला आग्रहाने बोलावलंय. माझ्याकडे आभारप्रदर्शन आहे, राष्ट्रगीतानंतर.