नाडा लोंबणारे महाबली

सुपरमॅनला शक्ती सूर्यापासून मिळते, हे कॉमिक्स वाचणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मग त्या गृहस्थानं आजवर अकोल्याला एकही चक्कर का मारली नाही? 2024 च्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, तेव्हा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम 144 लावलं. दंगल वगैरे काही नव्हती, ऊन होतं. कामाच्या जागी पाणी नि सावली द्या, शिकवण्या भर दुपारी भरवू नका, असा हुकूम निघाला. अशा दुपारी अंगाला चिकटलेला निळा सूट, त्यावर लाल चड्डी आणि पाठीवर झूल अशा थाटात हा टॉवर चौकात उतरला, तर पहिला भेटणारा माणूस त्याच्या खिशात कांदा कोंबायला बघेल. त्या सुटाला खिसा नाही, ही अडचण वेगळी.

तोंड झाकून ओळख लपवण्याचंही आमच्याकडे कौतुक नाही. एप्रिल लागला की अमरावतीच्या राजकमल चौकातून जाणारं निम्मं गाव डोळ्यांपुरती फट ठेवून दुपट्ट्यात गुंडाळलेलं असतं. स्पायडरमॅन तिथं अर्धा लिटर दूध घेऊन गेला, तर दूधवाला फार तर मागची उधारी विचारेल.

ताकदीचं म्हणाल, तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचे गडी तिकडे जाऊन देशी खेळ आणि कसरतींची प्रात्यक्षिकं दाखवून आले. सुपरमॅन छापून आला 1938 साली. म्हणजे आमचे पैलवान बर्लिनहून घरी येऊन, आंघोळ करून झोपले, तेव्हा हा अजून जन्मायचा होता.

आणि आगगाडीच्या इंजिनापेक्षा आपण भारी, अशी त्याची ख्याती. ही गोष्ट अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ पट्ट्यात सांगायची सोय नाही. तिथं शकुंतला धावायची. नॅरोगेज, आणि 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर. चालत्या शकुंतलेतून उतरून, शेतात हवं ते उरकून, पुन्हा त्याच डब्यात चढल्याचं आमचे मूर्तिजापूरचे मामा आजही सांगतात. मी त्यांना सुपरमॅनची कीर्ती सांगितली. मामांनी पानाची पिंक टाकली. "इंजिनापेक्षा जोरानं जाते म्हनतं? मंग त्याच्यात काय हाय बे? आमची म्हैसबी जाये."

सांगायचं असं की, सगळं जमणाऱ्या माणसाला वऱ्हाडात गिऱ्हाईक नाही. इथं जीव जडतो तो पडणाऱ्यावर. जगातही अशांची एक भावकी आहे. अमेरिकेत मॅड कॉमिकनं 1953 साली सुपरड्यूपरमॅन काढून मूळ पुरुषाची पार रेवडी उडवली. स्पेनमध्ये 1973 पासून सुपरलोपेस नावाचा एक मिशीवाला उडतोय. परग्रहावरून आलेला, पण नोकरी हापिसात. उडतो बरा, उतरताना मात्र काहीतरी मोडतो.

आपल्या घरचा म्हणाल तर मालेगावचा. शेख नासिर यांनी 'मालेगाव के शोले' काढला, आणि नंतर गावातल्या यंत्रमाग कामगाराला, शफीकला, सुपरमॅन केलं. अंगावर मांस औषधालाही नाही, आणि चड्डीचा नाडा बाहेर लोंबतोय. मागे हिरवं कापड ताणून त्याला आडवा धरला की तो उडाला. त्याच्यासमोरचा खलनायक घाणीवर प्रेम करणारा, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपालिकेच्या हद्दीत काम करायला मोकळा. फैजा अहमद खान यांनी या सगळ्या उद्योगावर 2008 साली माहितीपट केला. तो मामांना दाखवला, तेव्हा ते प्रथमच खुर्चीत पुढे सरकले. "जग वाचवजो बाप्पा, पन पयले नाडा आत घाल!" म्हणाले, आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

माझा स्वतःचा मानकरी मात्र शिकारी शंभू. टिंकल मासिकात 1983 साली तो आला. कल्पना लुइस फर्नांडिस यांची, चित्रं वसंत हळबे यांची. हळबेंनी त्याची टोपी नाकापर्यंत ओढली, त्यामुळे शंभूचे डोळे वाचकानं कधी पाहिलेच नाहीत. समोरचं काही दिसत नसताना पुढे चाला म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण शंभू निदान पळतो तरी प्रामाणिकपणे. झाडावरून पडतो तो नेमका वाघाच्या अंगावर. वाघ गारद, गावात सत्कार. हार गळ्यात पडेपर्यंत त्याचे पाय लटपटतच असतात. जगात तो खरा भितो ते बायकोला, शांतीला.

आमच्या जिल्ह्यात मेळघाट असल्यामुळे शंभूचा हिशेब आम्हाला जवळून करता येतो. शिकारीला आळा घालणारा कायदा 1972 चा. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. आणि हा पठ्ठ्या खांद्यावर बंदूक टाकून उगवला 1983 मध्ये! कायदा होऊन 11 वर्षं झाली होती. टोपीमुळे राजपत्र दिसलं नसणार. पुढे संपादकांनीच त्याची बंदूक काढून घेतली आणि त्याला वन्यजीवांच्या रक्षणाला लावलं. चिखलदऱ्याच्या घाटात शंभू वाघ वाचवायला निघाला, तर वाघानंच त्याला हाताला धरून परतवाड्याच्या बसमध्ये बसवून द्यावं, असं माझं फार दिवसांचं एक चित्र आहे.

हे सगळं परवा जेवताना चाललं होतं. मामी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. त्यांच्या भाचीसाठी स्थळं बघणं सुरू आहे, त्यामुळे हल्ली कुठल्याही पुरुषाचं नाव निघालं की त्या त्याच नजरेनं बघतात.

"तो सुपरमॅन काय करते?"

"वार्ताहर आहे, पेपरात."

"पगार येयेवर भेटते का?"

मी गप्प. शंभूचं लग्न झालेलं. मालेगाववाल्याला नाडा सांभाळता येत नाही, तो बायको काय सांभाळणार, हे मामांनी परस्पर सांगून टाकलं. उरला सुपरलोपेस.

"हापिसात हाय म्हनलं ना? परमनंट?"

"असावा. 1973 पासून तिथंच आहे."

मामींनी तव्यावरची भाकरी उलटली. "मंग उडू द्या थोडा. रविवारी बोलाव त्याले."