तिसऱ्या वर्षी दाताला माणूस फुटतो

नीटचा निकाल लागला आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ओळखीपाळखीतलं एखादं पोर आईवडिलांसकट माझ्या दवाखान्यात येतं. एमबीबीएस थोडक्यात हुकलेलं असतं आणि बीडीएस समोर दिसत असतं. वडील फी विचारतात, आई हॉस्टेलच्या जेवणाचं विचारते, आणि ते दोघं दाराबाहेर चपला घालत असताना पोर हळूच विचारतं, "मॅडम, सगळ्यात अवघड वर्ष कोणतं?"

या प्रश्नावर आमच्या धंद्यात एकमत नाही. भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कोलकात्यात काढलं, आणि तेव्हापासून प्रत्येक बॅचची खात्री आहे की हाल काढले ते आपणच, मागून आलेल्यांचे नुसते लाड झाले. चार वर्षं अभ्यास आणि पाचवं इंटर्नशिपचं. जो ज्या विषयात लटकला, त्याच्या मते ते वर्ष अवघड. मतदान घेतलं तर फायनल निवडून येईल. माझं मत मात्र तिसऱ्या वर्षाला, आणि डिपॉझिट जप्त झालं तरी मी ते बदलणार नाही.

पहिल्या वर्षाला लोक घाबरतात ते ॲनाटॉमीमुळे. फॉर्मलिनचा वास, डिसेक्शन हॉल, चेहऱ्यातून फिरणाऱ्या नसांची लांबलचक नावं. पण नावं पाठ होतात. पाठांतरावरच तर आपण बारावीपर्यंत पोसलेलो असतो. खरा घोळ मेणात आहे. मेणाचा एक ठोकळा हातात देतात आणि यातून दाढ कोर म्हणतात, मुळांसकट, पुस्तकातल्या मापाने. दाढ होत आलेली असते, आणि शेवटचं मूळ जरा निमुळतं करायला जावं तर टोक कटकन तुटतं. एप्रिलमध्ये हॉस्टेलच्या खोलीत मेण नुसत्या हवेनेच मऊ पडतं. रात्री सुळा म्हणून झोपवलेला ऐवज सकाळी पटाशीचा दात होऊन उठतो. वरच्या पहिल्या दाढेला आतल्या अंगाने कधीकधी एक जादा उंचवटा असतो. व्हिएन्नाचे दंतवैद्य कॅराबेल्ली यांनी 1842 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सगळ्यांच्याच दाढेवर तो असतो असं नाही. आम्ही तो कोरला नाही तर सर विचारत, "कॅराबेल्ली कुठे गेला?" आणि कोरला तर, "हा कशाला?" दोन्हींनंतरचा शब्द एकच: रिपीट.

दुसऱ्या वर्षी फँटम हेड भेटतं. बाकाला अडकवलेलं एक डोकं, रबरी गाल, आत बसवलेले दात. असा पेशंट पुन्हा आयुष्यात मिळत नाही. तोंड उघडून ठेवलं की उघडंच राहतं. तो गिळत नाही, थुंकत नाही, "अजून किती वेळ?" असं विचारत नाही. जी. व्ही. ब्लॅक नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1908 साली किडीचे वर्ग पाडून ठेवले, ते घोकायचे आणि त्याबरहुकूम या बिचाऱ्याच्या तोंडात खड्डे खणायचे.

त्या वर्षाचा जोडधंदा म्हणजे काढलेले खरे दात जमवणं. सरावाला ते लागतात. मग बाटली घेऊन शहरातल्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवायच्या आणि डॉक्टरांपुढे हात पसरायचे, तिथे आपल्याआधी तीन ज्युनियर उभे असतात. हॉस्टेलवर दातांचा बाजारच भरतो: खालची एक धड दाढ घे, वरच्या दोन दे. धड खालची पहिली दाढ तर सोन्याच्या भावाने जाते, कारण ती सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागून गुपचूप येते. तिच्या जागेवरचा एकही दात पडलेला नसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं हीसुद्धा दुधाचीच, पडेल आपोआप. ती पडत नाही, किडते. डॉक्टरांपर्यंत पोचते तेव्हा विहिरीचा नुसता कठडा उरलेला असतो. मी हे आजही पोरांच्या आयांना सांगते. त्या "हो का?" म्हणतात आणि पोराला चॉकलेट देऊन गप्प करतात.

तर कष्ट इथपर्यंतही काही कमी नाहीत. पण या दोन वर्षांत दात एकटा असतो. तिसऱ्या वर्षी त्याला माणूस फुटतो.

आणि तो सगळा लवाजमा घेऊनच येतो: जीभ, लाळ, मळमळ, स्वतःची मतं आणि बरोबर आलेली सून. वरच्या दाढांचं काम आरशात बघून करायचं असतं. आरशात हात पुढे न्यावा तर मागे जातो, पेशंटची उजवी बाजू आपल्या डावीकडे असते, आणि नेमकी वेळ आली की पेशंट हुश्श करतो आणि आरसा धुकटतो. त्यात जीभ. तिला जिथे येऊ नको म्हणावं तिथे ती आधी हजर. शास्त्रात जिभेचे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या सगळं शिकवतात. तिच्या चौकस स्वभावावर एक धडा नाही.

माझ्या पहिल्या स्केलिंगला मिशरी लावणाऱ्या एक आजी आल्या. दातांवर वर्षानुवर्षांचं काळं पुट आणि खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाची सलग भिंत. तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा हात तो केवढा, पण मी घाम गाळून एकेक दात उजेडात आणला. आजींनी हातात आरसा घेतला आणि ओपीडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, फटी पाडल्यास की गं!" फटी आधीपासूनच होत्या, त्यांत कीटण भरलं होतं, हे मी सांगत होते. पण तोवर बाजूच्या खुर्च्यांवरचे दोन पेशंट उठून दाराकडे निघाले होते.

हे दुपारचं. सकाळी जनरल मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगला जायचं. तिथे खाटेभोवती एमबीबीएसची मुलं आणि त्यांच्या मागे आम्ही. पेशंटचा खोकला ऐकू येतो, पेशंट दिसत नाही. "दातवाल्यांना यकृत कशाला?" असं आमच्यातलेच काही कुरकुरायचे. पण काविळीने यकृत खराब झालेल्या माणसाची दाढ काढली की रक्त लवकर थांबेलच असं नाही. हृदयाची झडप बदललेल्याला आधी अँटिबायोटिक न देता दाढ काढली तर तोंडातले जंतू त्या झडपेवर जाऊन बसू शकतात. म्हणजे दाढेच्या मागे आख्खा माणूस आहे हे तिसऱ्या वर्षी कळतं, आणि त्याच महिन्यात आपल्याला त्यातलं काहीच येत नाही हेही कळतं.

मग येतं भूल देणं. खालच्या जबड्याच्या नसेला भूल द्यायला शिकताना आमच्याकडे पहिला पेशंट म्हणजे शेजारच्या बाकावरची मैत्रीण, आणि तिचा पहिला पेशंट आपण. 1880 च्या दशकात अमेरिकेचे शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी ही नस बधिर करून दाखवली ती कोकेन वापरून, आणि स्वतःवर प्रयोग करता करता ते त्या कोकेनच्या नादी लागले. आमच्या वाट्याला लिग्नोकेन होतं, त्यामुळे व्यसनाचा धोका नव्हता. धोका मेसमध्ये होता. अर्धा ओठ, अर्धी जीभ गायब. वरण तोंडात जातंय की कुर्त्यावर हे समोरच्याने सांगायचं, आणि समोरच्याचाही अर्धा ओठ गायब. त्या दुपारी आख्खी बॅच एका गालाने हसत होती.

ओरल पॅथॉलॉजीचा पेपरही याच वर्षी. गुटखा-सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठरतं आणि तोंड उघडेनासं होतं, त्या आजाराची व्याख्या डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी 1966 साली लिहिली. ती मी शब्दनशब्द पाठ केली. दुसऱ्या दिवशी ओपीडीत माझ्याच वयाचा एक रिक्षावाला आला. तोंडात तीन बोटं उभी जातात का बघायचं, त्याच्या दीडच जात होती. "गुटख्यावर बंदी आहे ना राज्यात?" मी विचारलं. 2012 ची ती बंदी त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. "आहे की मॅडम," दातांच्या फटीतून तो म्हणाला, "म्हणून तर महाग झालाय."

फायनलवाले म्हणतात, आठ विषय! आठ आहेत, मान्य. पण फायनल म्हणजे मुख्यतः मोजणी. इतक्या दाढा काढल्या, इतक्या भरल्या, इतक्या कवळ्या बसवल्या. कोटा पूर्ण, जर्नलवर साइन, पुढे चला. परीक्षेच्या दिवशी आपला पेशंट हजर राहावा म्हणून मुलं त्याला आदल्या रात्री मित्राच्या खोलीवर आणून झोपवतात, सकाळी स्वतः चहा देतात आणि ऐनवेळी पळू नये म्हणून संडासाच्या दाराबाहेर उभी राहतात. याला दंतशास्त्र म्हणत नाहीत, निवडणूक व्यवस्थापन म्हणतात. इंटर्नशिपमध्ये अभ्यास नाही. फक्त लग्नाच्या पंगतीत नातेवाईक जिलबी बाजूला ठेवून तोंड उघडतात, तेवढं सोसायचं.

या कोट्यापायी सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे पूर्ण बोळकं असलेला. कवळीला तोच लागतो. एसटी स्टँडवर एखादे आजोबा मोकळ्या तोंडाने हसले की आमच्या मुलांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला तिसऱ्या वर्षी असे एक आबा मिळाले. बहात्तरीचे, पटकेवाले, तोंडात औषधालाही दात नाही. मापं झाली, ओठांचा चंबू करवून झाला, गाल ओढून झाले. मेणाच्या कडा वर-खाली ठेवून जबड्याचा मेळ घ्यायची वेळ आली. आबा चावायला सांगितलं की खालचा जबडा पुढे काढत. अशा वेळी जिभेचं टोक टाळूला मागे लावून मिटायला सांगतात. आबांनी ते केलं आणि वर विचारलं, "आता गिळू का काय?"

दात मेणात लावून बोलण्याची चाचणी घ्यायची असते. 'स' नीट येतो का ते पाहायला मी म्हटलं, "आबा, सहासष्ट म्हणा."

"सहासष्ट कशाला? बहात्तर हायती मला."

"तरी म्हणा."

"वय कमी लावून पगार वाढतुय का?"

शेवटी 'सासूबाई' म्हणवून घेतलं. ते आबांनी इतकं ठासून म्हटलं की वरचे दात पुढे आले.

कवळी बसली. सरांची साइन झाली. आबांनी आरशात पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग कवळी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि रुमालात बांधून खिशात ठेवली. "भाकरी हिरड्यांनी खातोय पंधरा वर्सं," ते म्हणाले, "ही लगीनकार्याला."

पुढच्या सोमवारी आबा परत आले. मला वाटलं कवळी टोचते. ती तर अजून रुमालातच होती. त्यांच्यामागे त्यांच्यासारखाच पटका बांधलेले त्यांचे धाकटे भाऊ उभे होते. आबांनी त्यांची हनुवटी धरून तोंड उघडून दाखवलं. "ह्योबी पूर्ण बोळका हाय. तुमास्नी लागत्यात न्हवं?"

मी केसपेपर आणायला वळले तेवढ्यात फायनलचा एक मुलगा पुढे झाला, धाकट्या आबांच्या हाताला धरून म्हणाला, "काका, नाश्ता झाला का?" आणि त्यांना घेऊन कँटीनच्या दिशेने दिसेनासा झाला.