हद्द समाप्त

दोन देशांची मैत्री किती खरी, हे पुढाऱ्यांच्या गळाभेटींवरून कळत नाही. सीमेवरचा माणूस पाहुण्याला किती वेळ उन्हात उभा करतो, त्यावरून कळतं. भारत आणि नेपाळ यांनी १९५० साली मैत्रीचा करार केला. सीमेवरच्या सोनौलीच्या कमानीखालून आपली माणसं आजही कोपऱ्यावर भाजी आणायला जावं तशी पलीकडे जातात. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. त्याच १९५० सालच्या फेब्रुवारीत पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि शेजारच्या आमच्या खडकवासला गावालाही एक मित्रराष्ट्र मिळालं. आमच्यात करारबिरार झाला नाही, पण अटी दोघांनाही पाठ होत्या. आम्ही पाणी द्यायचं आणि त्यांनी ते प्यायचं. हा व्यवहार तसा पालिकेहूनही जुना, इंग्रजांनी १८७९ मध्ये धरण पुरं केलं तेव्हापासूनचा. पाण्याने एकदाच, १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरणामागोमाग आमचंही धरण फुटलं तेव्हा, कुणालाही न विचारता आमच्यातली हद्द ओलांडली. त्या दिवसावर विनोद करायचा नाही, हीसुद्धा मैत्रीतली एक अट.

सीमा म्हटली की नाका आला. आमच्या वाटेवर तो जकातीचा होता. ज्यांनी जीएसटीच्या आधीचं जग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : शहरात विकायला किंवा वापरायला बाहेरून जो माल येई त्यावर पालिका कर घेई, आणि तो वेशीवरच घेई. रस्त्यात आडवा दांडा, दांड्याशेजारी खोली, खोलीत कारकून, कारकुनापुढे पावतीपुस्तक आणि पावतीखाली काळा कार्बन. ट्रकवाले रांगेत उभ्या-उभ्या दाढी उरकून घेत. मालाची परीक्षा एकच : नवा की जुना? नव्याला जकात, घरच्या वापरातल्या जुन्याला सहसा सूट.

आमची आत्या एकदा शिलाई मशीन दुरुस्त करायला टेंपोत घालून मंडईकडे निघाली. कारकुनाने गोणपाट उचलून पाहिलं.

“नवीन आहे का, मावशी?”

“माझ्या लग्नातली आहे.”

“लग्न कधीचं?”

टेंपोत गावातली आणखी चार माणसं बसलेली. साल सांगावं तर वय कळतं, न सांगावं तर पावती फाटते. आत्याने दोन्ही बाजूंचा हिशेब केला आणि म्हणाली, “पायडल बघा, भाऊ. एवढं घासायचं तर तुमची नोकरी पुरायची नाही.”

कारकून खाली वाकला. पायडलवरची नक्षी मधोमध पार पुसली गेली होती, कडेला तेवढी दोन पानं शिल्लक होती. त्याने त्या गुळगुळीत लोखंडावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल पावतीपुस्तकाला पुसलं आणि दांडा वर केला. वर म्हणाला, “परत नेताना थांबू नका. बाहेर जाणाऱ्या मालाला काही नाही.” आजच्या कुठल्याही विमानतळावर एवढ्या समजूतदारपणे तपासणी होत असेल असं मला वाटत नाही.

दुसरं सीमाशुल्क रिक्षावाल्यांचं. त्याला नाका लागत नसे. पुण्यात कुठेही रिक्षाला हात करून “खडकवासला” म्हटलं, की रिक्षावाला आधी आकाशाकडे बघे, मग मीटरकडे, आणि शेवटी परराष्ट्र धोरण जाहीर करी : “हद्दीबाहेर आहे. हाफ रिटर्न पडेल.” हाफ रिटर्न म्हणजे आपण उतरल्यावर तो जो रिकामा परत जाणार, त्या रिकामेपणाचं अर्धं भाडं आपण द्यायचं. माझ्या वडिलांचं म्हणणं असं, की अर्धं भाडं दिलंच आहे तर आपणही परत अर्ध्यापर्यंत जाऊन यावं. ते चालत घरी यायचे.

मग जग बदललं. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली आणि तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापारी रस्त्यावर उतरले, तेव्हा १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेकांसाठी तोही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात हा शब्द आजीच्या गोष्टींत जमा झाला. दांडा गेला, कारकून गेला, कार्बन गेला. आता कुणी थांबवणार नाही म्हणून आम्ही गाडी हाणली, ती थेट सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत जाऊन थांबली. नाक्यावर निदान पावती मिळायची. इथे नुसतं थांबायचं, आणि का थांबलो याचा पुरावाही नाही.

त्यानंतर ३० जून २०२१ ला तेवीस गावं पालिकेत घेतली, त्यात आम्ही. गाव कुणी सोडलं नाही, हद्दच आमच्या अंगावरून गोऱ्हे-डोणजे गावांच्या दिशेने पुढे सरकली. क्षेत्रफळाने पुणे तेव्हा राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. आम्हीही थोडे फुगलो. काल आपण पुण्याकडे ज्या नजरेने बघायचो, त्याच नजरेने आज डोणजेकर आपल्याकडे बघताहेत हे ध्यानात यायला जरा वेळ लागला. बाकी स्वभाव कुणाचा बदलला नाही. आमच्याकडे अजूनही माणूस पायात चपला घालताना “पुण्याला जाऊन येतो” असंच सांगतो. आणि रिक्षावाल्याला “आता हद्दीतच आहोत की” म्हटलं, तर तो मान्य करतो : “हद्दीत आहात हो, पण परतीचं भाडं मिळतं का?” विलीनीकरण सरकार करतं, मनोमीलन मीटरवर अवलंबून असतं.

खरे परदेशी पाहायचे असतील तर त्यासाठी आम्हाला कुठे जावं लागत नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आमच्याच शेजारी. पंडित नेहरूंनी तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ ला बसवली. भूतान, मालदीव, व्हिएतनाम, ताजिकिस्तान अशा मित्रदेशांची मुलं तिथे आपल्या मुलांबरोबर शिकतात, धावतात, रगडली जातात. म्हणजे थिंफूचा पोरगा डोंगरदऱ्या ओलांडून फाटकाच्या आत पोचतो, आणि ज्याच्या घराच्या गच्चीवरून प्रबोधिनीचा घुमट दिसतो तो खडकवासलेकर पास नाही म्हणून बाहेर. तो घुमट सुदान ब्लॉकचा. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांनी सुदानच्या बाजूला जो पराक्रम केला, त्याची आठवण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले होते. मध्येच फाळणी आली, आणि त्या भेटीतले सत्तर हजार पौंड आपल्या वाट्याला आले. मित्राने दिलेल्या आहेराचीसुद्धा सीमेवर वाटणी होते, हे आम्हाला घराच्या गच्चीवरून दिसतं.

जगातही हेच चाललंय. मित्रदेशांत जायला कागद लागत नाही असं म्हणायचं, आणि कागद हळूच दुसऱ्या खिडकीत मागायचा. नेपाळला रस्त्याने आरामात जा, पण विमानाने निघालात तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवा. भूतानने २०२० पासून भारतीय पर्यटकांना दर रात्रीचे १२०० रुपये लावले, म्हणजे तिथे झोपेवर जकात आहे. आमच्याकडे सिंहगडाच्या पायथ्याला वन खात्याची उपद्रव शुल्काची पावती असते. पुण्याची माणसं ती हसत घेतात, गाडीच्या काचेवर खोचतात आणि पुढच्या वळणावर तिचं मोल वसूल करतात. दाखल्यांचा आमचा नाका आता मोबाइलमध्ये आहे. पूर्वी दाखला हवा असेल तर ग्रामसेवक पारावर सापडे, “उद्या या” म्हणे आणि उद्या खरंच असे. आता ओटीपी येतो. तो काही मिनिटं थांबतो, आणि धरणाच्या भिंतीजवळ रेंज तेवढीही थांबत नाही.

रविवारी मात्र ही सगळी सीमा उलट्या दिशेने चालते. पाऊस पडला की अवघं मित्रराष्ट्र धरणाकाठच्या चौपाटीवर उतरतं. कणसाच्या शेगड्या पेटतात, भज्यांच्या कढया चढतात, आणि आपापल्या नळातलं पाणी मुळात दिसतं कसं ते बघायला लोक आपल्या गाड्या आमच्या दारात आडव्या लावतात. गावातल्या माणसाला औषध आणायला पलीकडच्या दुकानात जायचं असेल तर “जरा गाडी घेता का?” असं अनोळखी माणसाला विचारावं लागतं. पूर्वी दांडा कारकून उचलायचा. आता तो प्रत्येक मोटारवाल्याच्या मर्जीवर आहे, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, “दोन मिनिटं हां, काका.”

माझं मत स्पष्ट आहे. नाका होता तेव्हा आम्ही परके होतो आणि लवकर पोचत होतो. आता एकाच घरचे झालो आणि वाटेतच राहतो. तरी जकात परत आणा असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पुणेकरांना एवढीच विनंती, की जरूर या, पण जमलं तर मंगळवारी या, गाडी कडेला लावा आणि दाणे खाल्लेली कणसं आपापल्या पिशवीत परत न्या. बाहेर जाणाऱ्या मालाला इथे तेव्हाही काही पडत नव्हतं.