वजन बघा, वजन!

आमच्या हातकणंगल्यातल्या आप्पाला तुम्ही ओळखत नसाल, पण तुमच्या गावातला आप्पा तुम्हाला ठाऊक आहेच.

परवा गॅसवर दूध असताना हा दारात उभा. हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. “सर, जरा धरा.” धरलं, आणि खांद्यातून कळ गेली. “वजन बघा, वजन! आत ट्रान्सफॉर्मर हाय. आताच्यागत नुसतं खोकं न्हाई.” तोवर दूध उतू गेलं होतं.

तसं त्याचं अगदीच चूक नाही. जुन्या ॲम्प्लिफायरचा निम्मा जीव त्या लोखंड-तांब्याच्या ठोकळ्यात असतो. पण आप्पा कलिंगडही याच न्यायानं घेतो. पुतणीला बघायला आलेल्या मुलाशी हात मिळवून त्यानं भर बैठकीत जाहीर केलं, “वजन हाय!”

सांगली रस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानात तो मलाही ओढून नेतो. पंचाईत अशी, की भंगारवालाही वजनावरच विकतो. आप्पा हौसेनं ओरडला, की तो गडी वस्तू थेट काट्यावर ठेवतो. “तुम्हीच म्हणालासा की!” एकदा चांगला जड स्पीकर आणला, उघडला तर आत दोन विटा. मी हसलो. आप्पा विटा हातात तोलत म्हणाला, “पक्क्या भाजल्यात. बास घट्ट यावा म्हणून घातल्या असतील कुणीतरी.”

त्याचं बघणं मात्र बघावं. एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्डप्लेअर मिळाला, की आधी चकती हातानं फिरवणार, मग सुईखाली नख धरणार. टेपरेकॉर्डरचा पट्टा डांबरासारखा बोटाला चिकटला तर नुसताच मान हलवणार. स्पीकरचा कोन चार बोटांनी हलकेच दाबणार. आत कॉईल घासत असली, तर बोटांना कळतं म्हणे.

माळ्यावरचा वडिलांचा मर्फी रेडिओ मी नाइलाजानंच त्याच्याकडे दिला. वडील त्याच्यावर आकाशवाणी सांगली लावून दाढी करत. तीन आठवड्यांनी तो घेऊन आला. बटण फिरवलं, काच उजळली, व्हॉल्व तापायला वेळ गेला आणि एकदम बातम्या घरभर घुमल्या. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली.

आप्पानं मला विचारलं, “लागलं न्हवं?”

तेव्हा उमगलं. इचलकरंजीला मागावर जॉबर म्हणून काढलेली पस्तीस वर्षं. त्या खडखडाटात कान कधीचेच गेलेले. त्यानं तळहात रेडिओच्या लाकडावर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, “हां. बोलतोय.”

पैसे घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घेतला.

घरात जुना रेडिओ, रेकॉर्डप्लेअर पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी आप्पाला निरोप द्या. तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर एकदा फोडला, की त्याच्याही हातात काही राहत नाही.