वरूनच बंद आहे

घरातील दूरचित्रवाणी संचावरून चित्र नाहीसे होणे ही वरवर पाहता एक तांत्रिक घटना असली, तरी महाराष्ट्रातील शहरी आणि निमशहरी कुटुंबांत तिचे रूपांतर अल्पावधीतच एका सामाजिक व्यवहारात होते, आणि या व्यवहाराचा सगळा भर ‘दोष कोठे आहे’ या एकाच प्रश्नावर असतो. केबलसेवेच्या साखळीतील ज्या ज्या दुव्याला हा प्रश्न विचारावा तो तो दुवा, दोष आपल्या एक पायरी वर आहे, असे उत्तर देतो. विशेष म्हणजे या उत्तरात असत्य क्वचितच असते. प्रत्येक जण आपापल्या तुकड्यापुरते खरेच बोलत असतो, आणि इतक्या सगळ्या खऱ्या विधानांची बेरीज केली असता हाती काळा पडदा येतो.

ही साखळी थोडी समजून घ्यावी लागते. वाहिनीने उपग्रहाकडे पाठवलेले कार्यक्रम मोठाल्या छत्र्यांनी उतरवून घेऊन शेकडो वाहिन्या एकत्र पुढे पाठवणारे जे केंद्र असते, त्याला या व्यवसायात ‘हेडएंड’ किंवा नुसतेच ‘कंट्रोल रूम’ म्हणतात, आणि ते चालवणाऱ्या मोठ्या कंपनीला ‘एमएसओ’ असे नाव आहे. तिच्याकडून जोडणी घेऊन आपल्या ‘एरिया’त घरोघर वायर पोहोचवणारा स्थानिक व्यावसायिक कागदोपत्री ‘एलसीओ’ आणि लोकांच्या तोंडी ‘केबलवाला’ असतो. हेडएंडपासून वस्तीपर्यंत सिग्नल काचेच्या तंतूतून प्रकाशरूपाने येतो, वस्तीतील ‘नोड’ नावाच्या पेटीत तो वायरीतून जाण्याजोगा होतो, आणि पुढे वाटेत क्षीण होणाऱ्या सिग्नलला बळ देणाऱ्या ॲम्प्लिफायरांच्या आधाराने जिन्यातील स्प्लिटरपर्यंत, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणाऱ्या डबीपर्यंत, येऊन ठेपतो. ॲम्प्लिफायरला वीज लागते, आणि ती बहुधा कोणाच्या तरी जिन्यातून किंवा दुकानातून घेतलेली असल्यामुळे, ‘ब’ इमारतीतील चित्र ‘अ’ इमारतीतील एका काटकसरी गृहस्थांनी निजण्यापूर्वी बटण बंद केल्याने गेले, असा निष्कर्ष पुष्कळ संशोधनाअंती निघू शकतो. गणेशोत्सवात तर उंच मूर्तीच्या वाटेत आडवी आलेली वायर कार्यकर्ते बांबूने उचलून धरतात, आणि ती मिरवणुकीनंतर पूर्वीच्याच अवस्थेत सापडेल याची हमी कोणतेही मंडळ देत नाही.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास पाहिला, तर ग्राहकसेवेची आजची रीत एकाएकी उद्भवलेली नाही, हे ध्यानात येते. १९८० च्या दशकात मुंबईतील काही इमारतींत एकच व्हीसीआर लावून त्यावरील चित्रपट वायरीने सगळ्या बिऱ्हाडांत पोहोचवण्याचा उद्योग सुरू झाला. पुढे १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह वाहिन्यांची ओळख झाली आणि व्हीसीआरच्या जागी गच्चीवर छत्री आली. १९९५ मध्ये या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि केबलचालकांच्या नोंदणीचे काम त्या त्या विभागाच्या मुख्य टपाल कार्यालयाकडे सोपवण्यात आले. साऱ्या जगातील घडामोडी क्षणार्धात घरात आणणाऱ्या माणसाने नोंदणीसाठी पोस्टमास्तरांपुढे उभे राहावे, या योजनेमागे एखादी तात्त्विक भूमिका असल्यास ती नियमांत नमूद केलेली नाही.

त्या काळच्या ग्राहकाकडे बारा महिन्यांचे बारा चौकोन छापलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड असे, रोख पैसे दिले की त्यातील एका चौकोनात सही होई, आणि तक्रार नोंदवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे केबलवाल्याच्या घरी फोन करणे ही होती. हा फोन त्याची आई घेत असे. ग्राहकसेवा केंद्र ही संस्था मोठ्या कंपन्यांनी येथे आणली, असा जो समज आहे तो दुरुस्त करणे आवश्यक आहे, कारण तक्रारदाराचे म्हणणे शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेणे, वेळेविषयी कोणतेही वचन न देणे आणि संबंधित व्यक्ती नुकतीच बाहेर पडली असल्याचे सांगणे, ही तिची सर्व प्रमुख लक्षणे या माउलीच्या ठायी आधीच पूर्णत्वाने प्रकटली होती. क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी ती रिसीव्हर काढून बाजूला ठेवी, आणि हीच सोय पुढे ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’ या रूपाने यंत्रात बसवण्यात आली. मात्र तिच्याजवळ एक वाक्य असे होते, जे आजच्या कोणत्याही केंद्राला अद्याप जमलेले नाही: “अहो वहिनी, आमच्याकडचीपण गेलीय, माझीपण मालिका बुडाली.” केबलवाल्याच्या आईचीच मालिका बुडाली आहे, त्या अर्थी दुरुस्ती लवकर होईल, असा तर्क ग्राहक करीत असे, आणि तो बहुधा खरा ठरे.

डिजिटल पद्धत सक्तीची झाली, तेव्हा हा आप्तभाव ओसरला. मुंबईसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ आणि पुणे, नागपूर, सोलापूर यांसारख्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली, घरोघर सेट-टॉप बॉक्स आले, आणि बिघाडाचे स्वरूपच पालटले. जुन्या ॲनालॉग पद्धतीत सिग्नल जसजसा क्षीण होई तसतशा पडद्यावर मुंग्या वाढत, परंतु मुंग्यांच्या आडून का होईना, नायिका ओळखू येई आणि फलंदाज बाद झाला एवढे तरी कळे. डिजिटल सिग्नल मात्र एका मर्यादेपर्यंत कितीही क्षीण झाला तरी चित्र स्वच्छ दिसते, आणि ती मर्यादा ओलांडताच चौकोन चौकोन होऊन ते गोठते व नाहीसे होते. अभियांत्रिकीत या प्रकाराला ‘क्लिफ इफेक्ट’ म्हणतात, कारण सिग्नल उतारावरून घरंगळत नाही, कड्यावरून पडतो. याचा सामाजिक परिणाम असा झाला, की ‘जरा खराब दिसतंय’ ही सौम्य तक्रार भाषेतून नाहीशी झाली आणि सर्वच तक्रारी आणीबाणीच्या झाल्या.

अशा आणीबाणीत ग्राहक मदतक्रमांकावर फोन करतो, तेव्हा प्रथम भाषा निवडावी लागते, नंतर नव्या जोडणीची माहिती हवी असल्यास एक आकडा, पॅकेज वाढवायचे असल्यास दुसरा, आणि अशा रीतीने पैसे भरण्याचे सर्व मार्ग संपल्यावर तक्रारीचा आकडा येतो. तो दाबला असता यंत्र ग्राहकाला त्याच्या ‘नोंदणीकृत मोबाइल क्रमांका’वरून फोन करण्यास सांगते. हा क्रमांक म्हणजे जोडणी घेताना ज्याच्या खिशात मोबाइल होता त्याचा क्रमांक, आणि तो घरातील जाणत्या मुलाचा असण्याचा संभव अधिक असल्यामुळे, आई-वडील साताऱ्यात काळ्या पडद्यासमोर बसलेले असताना तक्रारीची ओळख पटवणारा ओटीपी न्यू जर्सीत झोपलेल्या मुलाच्या उशाशी वाजतो. मुलगा दचकून उठून घरी फोन करतो, सर्व कुशल असल्याचे कळल्यावर तो सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि तेवढ्यात ओटीपीची मुदत संपते.

नियमांच्या बाजूने पाहता ग्राहक निराधार आहे असे म्हणता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१७ मध्ये सेवेच्या दर्जाविषयी जे विनियम केले त्यांनुसार ‘सिग्नल नाही’ ही तक्रार २४ तासांत, बिलाविषयीची तक्रार ७ दिवसांत आणि इतर तक्रारी ७२ तासांत मिटवाव्या लागतात. परंतु मिटणे ही क्रिया नोंदवहीतही करता येते, याकडे विनियमकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेले नसावे. त्यामुळे पडदा काळा असतानाच ‘आपली तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे’ असा संदेश येतो, आणि त्यापाठोपाठ सेवेला किती तारे द्याल, अशी पृच्छाही येते. तंत्रज्ञ प्रत्यक्ष आला, तरी तोही पिशवी उघडण्यापूर्वी, “काका, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगता का?” असे विचारतो. हा दुसरा ओटीपी काम झाल्याची पोचपावती असते आणि म्हणून तो कामानंतर द्यावयाचा असतो, हे काकांना पुढच्या वेळी कळते.

तंत्रज्ञाला व्यवहारात ‘पोरगा’ म्हणतात, त्याचे वय काहीही असो, आणि ‘पोरगा निघालाय’ या वाक्यातील वर्तमानकाळ व्याकरणदृष्ट्या पूर्ण असला तरी भौगोलिकदृष्ट्या अपूर्ण असतो. तो येतो तो दुचाकीवर, खांद्याला वायरीचे भेंडोळे आणि पिशवीत पक्कड, कनेक्टर व टेप घेऊन, आणि डॉक्टरांच्या दारात पाय ठेवताच दातदुखी थांबावी तसे त्याने उंबरठा ओलांडताच चित्र सुरू होते. याला भौतिक कारणे आहेत: संध्याकाळी विजेचा दाब उतरला की ॲम्प्लिफायर डळमळतो, पोरगा येतो सकाळी अकराला, सैल कनेक्टर वायर हलली की तात्पुरता टेकतो, आणि त्याला वाट करून देण्यासाठी काकूंनी संच पुढे ओढलेला असतो. काकूंना मात्र ही कारणे पुरेशी वाटत नाहीत. बॉक्स हेतुपुरस्सर तोंडावर पाडतो, असे त्यांचे मत असून त्याच्या पुष्टीसाठी त्या शेजारणीला साक्षीला बोलावतात, आणि पोरगा सर्व ऐकून घेऊन सांगतो, “काकू, आता चालू आहे ना, परत गेली की फोन करा.”

चित्र त्याच्या समक्ष बंदच राहिले, तर गच्चीवर जावे लागते, आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असते, व सेक्रेटरी गावी गेलेले असतात. किल्ली मिळाल्यावर दुरुस्तीचा जो टप्पा सुरू होतो तो या क्षेत्रातील सर्वांत उल्लेखनीय होय. गच्चीवरच्या पोराला पडदा दिसत नाही आणि पडद्यासमोरच्या काकूंना गच्ची दिसत नाही, म्हणून जिन्याच्या प्रत्येक वळणावर घरातील व शेजारील एकेक मूल उभे करून निरोपांची साखळी तयार केली जाते. वरून ‘आलं का?’ हा प्रश्न निघतो, तो तीन मजले उतरून काकूंपर्यंत पोहोचेपर्यंत वर पोराने दुसरी वायर जोडून पाहिलेली असते, त्यामुळे ‘आलं!’ हे उत्तर जेव्हा गच्चीवर पोहोचते तेव्हा ते त्याने नुकत्याच काढून टाकलेल्या जोडणीविषयी असते, आणि पोरगा तिसऱ्याच वायरीला यशस्वी समजून टेप गुंडाळून खाली येतो. संदेशवहनातील विलंबाचे याहून सुबोध प्रात्यक्षिक कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसेल. प्रत्येकाजवळ मोबाइल असतानाही ही पद्धत टिकून आहे, कारण पोराचा मोबाइल तेवढ्या वेळात पुढच्या ग्राहकांना तो निघाला असल्याचे सांगण्यात गुंतलेला असतो.

दुरुस्ती यशस्वी झाली असे मानले, तरी ती कोणाच्या खर्चाने झाली हे तपासावे लागते. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्म्याहून थोडी कमीच शक्ती देतो, वाटा वाढल्या की प्रत्येकीचा हिस्सा आणखी घटतो, आणि एकंदर सिग्नल तेवढाच असल्यामुळे दुसऱ्या मजल्यावर चित्र आणण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिसऱ्या मजल्याची चांगली वाट त्याला देणे हा होय. म्हणून पोराची दुचाकी सुरू होण्याचा आवाज आणि तिसऱ्या मजल्यावरून ‘अहो, आमची गेली!’ ही हाक या दोन घटना पुष्कळदा एकदमच घडतात. यात पोराला दोष देणे अन्यायाचे होईल. एवढ्या लांबलचक साखळीत भर उन्हात पाण्याच्या टाकीवर चढणारा तो एकटाच असतो, आणि नवा ॲम्प्लिफायर घेण्याचा अधिकार त्याच्या पिशवीत नसतो.

काही बिघाड तर असे असतात की त्यांच्यावर पक्कड चालतच नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे असा कायदा २००७ मध्ये झाला, परंतु हे प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ आपल्या भूप्रक्षेपणावर आणि स्वतःच्या मोफत डिशसेवेवर दाखवावे, केबलवाटे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. त्यामुळे दूरदर्शनवर सामना आहे असे ऐकून केबलवर दूरदर्शन लावणाऱ्या आजोबांना सामना दिसत नाही, ते तक्रार नोंदवतात, पोरगा येतो, बॉक्स उघडतो, कनेक्टर बदलतो, आणि अखेरीस ‘आजोबा, हे वरूनच बंद आहे’ असे सांगतो. त्याच्या आयुष्यात हे वाक्य इतके अचूक क्वचितच ठरले असेल, पण आजोबांचा त्यावर विश्वास बसत नाही.

या सर्वाला कंटाळून अनेक कुटुंबे केबल सोडून इंटरनेटवर चित्र पाहू लागली आहेत. तथापि पुष्कळ वस्त्यांत इंटरनेटची फायबर वायर त्याच केबलवाल्याकडून येते, आणि त्याच गच्चीवरून उतरते. फरक एवढाच, की या नव्या जोडणीसोबत भिंतीवर जी छोटी पेटी बसवतात तिच्यावर एक दिवा असतो, आणि तंतूतून प्रकाश येणे थांबले की तो आपोआप लाल होऊन लुकलुकू लागतो. मदतक्रमांकावरील प्रतिनिधी प्रथम त्या दिव्याचा रंग विचारतो, ग्राहक ‘लाल’ असे सांगतो, आणि दोष वर असल्याचे अशा रीतीने ग्राहकाच्याच तोंडून वदवून घेतले गेल्यामुळे पोराला तेवढ्यासाठी घरी येण्याची गरज उरत नाही.