मानपान

गेली सहा वर्षं मला ‘नाही’ म्हणता येत नाही. तोंडानं म्हणता येतं, पण आपल्याकडं तोंडच्या नकाराला किंमत नसते. तोंडानं नको म्हणणं म्हणजे ‘अजून थोडा आग्रह करा’ एवढंच. खरा नकार मानेचा. ती डावीकडून उजवीकडं ठामपणे फिरली पाहिजे, आणि माझी मान तशी फिरवली की डोक्यात वीज पडते. त्यात मला अकरा वर्षांचा जुना मधुमेह. मधुमेह हा तर नकाराचाच आजार. पेढा नको, आंबा नको, दुसरी वाटी भात नको. ज्याला दिवसातून वीस वेळा मान हलवायची, त्याचीच मान नेमकी कामातून गेलेली.

सुरुवात कंगव्यापासून झाली. एका सकाळी केस विंचरताना मानगुटीच्या उजव्या अंगाला कंगव्याचे दात टेकले आणि तिथून निघालेली कळ सरसरत टाळूवर चढून उजव्या डोळ्यामागं जाऊन बसली. ओल्या हातानं इस्त्रीचं बटण दाबल्यावर बसतो, तसा झटका. दोन सेकंदांत सगळं शांत. मी कंगवा उलटासुलटा करून पाहिला. प्लॅस्टिकचाच होता.

डोळ्यामागं दुखतंय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो, नवा चष्मा घेऊन परतलो. कानामागं ठणकतंय म्हणून कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, मळ काढून घेऊन परतलो. आम्ही मिरजेचे, त्यामुळं डॉक्टरांना तोटा नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून हे गाव दुखण्यांवरच वाढलं. कर्नाटकातून माणसं रेल्वेनं इथं येतात. आमच्याकडं पत्ता सांगतानासुद्धा ‘हाडवाल्याच्या पुढं, मूत्रखड्याच्या अलीकडं’ असाच सांगतात. तरी माझ्या कळेला योग्य पाटी सापडायला आठ महिने लागले.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी मानगुटीवर अंगठा दाबला. मी ओरडलो. ते खूश झाले. म्हणाले, ‘‘ऑक्सिपिटल न्यूराल्जिया.’’ मानेच्या दुसऱ्या मणक्यापाशी निघणारी नस डोक्याच्या मागच्या बाजूनं टाळूवर चढते, ती चिडलीय. शिवाय एक्स-रेत मणकेही झिजलेत. नोकरी काय केली, असं त्यांनी विचारलं. एकतीस वर्षं हायस्कुलात कारकून होतो. मान खाली घालून नोकरी केली, असं मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तेच कारण.’’

घरी हिनं विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’ नाव सांगितलं. ‘‘अगंबाई, ऑक्सिजन लावायला लागणार?’’ संध्याकाळपर्यंत आळीभर ‘मास्तरांच्या मणक्यात गॅप पडलाय’ अशी बातमी झाली. (शाळेत कारकून असलो तरी गाव मला मास्तरच म्हणतं.) खरं तर माझ्यातला गॅप कमी झालाय, दोन मणके जवळ आलेत, दुखतंय ते त्यानं. पण आपल्या लोकांना गॅप कमी झालेला चालत नाही, तो पडावाच लागतो.

शेजारी तंबोरे बनवणारे चाचा राहतात. मिरजेचे तंबोरे जगभर जातात, आणि त्यातले काही आमच्या सामाईक गॅलरीतून जातात. चाचांनी माझा एक्स-रे खिडकीशी धरून बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, ‘‘मास्तर, ह्ये तर आमचंच काम हाय. वर भोपळा, खाली दांडी. फकस्त उलटं बसवलंय.’’ तंबोऱ्याच्या तारेत घोडीच्या खालच्या अंगाला मणी ओवलेले असतात. चाचा त्यांना मणके म्हणतात. ते जरा सरकवले की सूर नेमका लागतो. ‘‘आमचा मणका सरकला की सूर जुळतो, तुमचा सरकला की बिघडतो. एवढाच फरक.’’ सहा वर्षांत माझा आजार इतका सोपा करून मला कुणी सांगितला नव्हता. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं म्हणे. एवढा भोपळा नुसत्या सात मणक्यांवर तोलायचा. जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात. तो बिचारा कुठं बोलतोय?

दोन आजार एका घरात नांदायला लागले, की आधी त्यांचे डॉक्टर वेगळे निघतात. साखरेचे डॉक्टर म्हणाले, रोज रात्री तळपाय बघायचे. मधुमेहात पायाला जखम झाली तरी कळत नाही. मानेचे डॉक्टर म्हणाले, खाली वाकून काहीही बघायचं नाही. मी रात्री पलंगावर ताठ बसतो, पाय समोर उचलतो आणि हातात हिचा आरसा धरून स्वतःच्या टाचा न्याहाळतो. परवा दुधाची पातेली परत द्यायला आलेल्या शेजारणीनं हा देखावा पाहिला आणि पातेली उंबऱ्यावरच ठेवून गेली.

साखरेचे डॉक्टर म्हणतात, चार किलो उतरवा. मानेचे डॉक्टर देतात त्या गोळीनं वजन वाढतं. गोळी नशेला, म्हणजे नसेला, शांत करते आणि मलाही. सकाळी साडेदहापर्यंत मी घरात एखाद्या पाहुण्यासारखा वावरतो, कुठलं कपाट कुठं आहे आठवत नाही. ‘शेक घ्या’ म्हणून गरम पाण्याची पिशवी आणली, तर साखरवाले म्हणाले, जपून, कातडीला चटका कळणार नाही. म्हणजे माझ्या अंगातल्या नसांनी आपापसांत कामं वाटून घेतलीत. पायाच्या नसा सांगायचं तेही सांगत नाहीत आणि मानेची नस न विचारता सगळं सांगते.

मग एकदा इंजेक्शन झालं. त्या नसेच्या शेजारी बधिरतेचं औषध आणि थोडं स्टेरॉइड. सुई बाहेर निघाली आणि मी सहा वर्षांत पहिल्यांदा मान वळवून उजवीकडचं कॅलेंडर पाहिलं. इतका हरखलो की घरी येताना रिक्षात प्रत्येक दुकानाची पाटी वाचली, दोन्ही बाजूंची. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर तपासली, तीनशे बारा. स्टेरॉइडनं चार-पाच दिवस साखर चढते, हे सुईआधी सांगितलं होतं, पण तेव्हा मी सुईकडं बघत होतो. मान सुटली, आणि त्या सुटलेल्या मानेनं समोरच्या सगळ्या ताटांना नाही म्हणत बसलो. मग साखर उतरली, तशी मानही पुन्हा धरली.

उपाय सांगणाऱ्यांचीही अशीच दोन घराणी आहेत. एक मेथ्या, कारलं, जांभळाच्या बियांची पूड घेऊन येतं. दुसरं म्हणतं, हा वात आहे, रात्री तूप-गूळ खा, डिंकाचे लाडू खा. आमच्या आत्याबाईंनी फोनवर आधी उशी उन्हात टाकायला सांगितली. त्यानं गुण येईना म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘पायाळू माणूस बघ आणि लाथ मारून घे.’’ उसण भरली की कमरेवर पायाळू माणसाचा पाय लावतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मानगुटीवर? पायाळू म्हणून जो सापडला तो आमच्या शाळेचा निवृत्त शिपाई. एकतीस वर्षं मी त्याच्या रजा कापत होतो. मी नको म्हटलं. तो बराच उत्सुक होता.

सगळ्यात जास्त हाल गाण्यात. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं रात्ररात्र गाणं चालतं. गाणं ऐकायचं आणि मान हलवायची नाही! ठेका मी मांडीवर धरतो, ‘वाहवा’ ओठांत म्हणतो, पण गवई तान घेऊन समेवर आला की मान आपण होऊन खाली येते. तिथंच माझी नस वाजते. गेल्या वर्षी समेवर मी ‘आई गं’ म्हणून विव्हळलो. गायकानं थांबून मला नमस्कार केला.

यंदा भाचीचं लग्न सांगलीला. मी मामा. मामाला मान आणि मामाला फेटा. डोक्याच्या मागच्या भागाला उशीसुद्धा सोसत नाही तिथं नऊ वार कापड! फेटेवाला पोरगा म्हणाला, ‘‘मामा, असा आवळतो की दोन दिवस हलणार नाही.’’ मी म्हटलं, बाळा, मीच हलत नाही, तू सैल बांध. त्यानं सैल बांधला, तो भुवयांवर आला. आत मानेला पट्टा, वर फेटा, मध्ये मी. बोहल्यावर भाचीच्या मागं उभा राहिलो. फोटोवाला ‘मामा, इकडं’ म्हणाला की मला अख्खं वळावं लागे, आणि मी वळलो की माझ्या हाताला अडकलेला भाचीचा शेलाही वळे. ‘शुभमंगल सावधान’ म्हणताना त्या कार्यालयात खरोखर सावधान उभा असलेला मी एकटाच होतो.

मग पंगत. जिलेबी आणि मठ्ठा. ही माझ्या डाव्या हाताला बसली होती, म्हणजे मला दिसत नव्हती, पण ती बघत असल्याचं जाणवत होतं. वाढपी आला. मी तोंडानं नको म्हटलं, त्यानं ते ऐकलंच नाही. मग सगळी ताकद एकवटून मान उजवीकडं फिरवली. कळ मानगुटीतून उठली, टाळूवरून डोळ्यात उतरली, डोळे आपोआप मिटले आणि मान पुढं कलंडली. पाहणाऱ्याला वाटावं, मोठ्या समाधानानं होकार दिला.

डोळे उघडले तेव्हा पानात तीन जिलेब्या होत्या.

‘‘अहो,’’ डावीकडून आवाज आला.

मला तिकडं वळता येत नव्हतं.