हाडं मऊ शिजलीत

छोट्या गटाच्या सहलीत एक मोठी अडचण असते, ती जाहिरातीत कुणी छापत नाही. चाळीस जणांच्या बसमध्ये माणसाला हवा तेवढा वेडेपणा करता येतो. बघणारे कोण, तर पुढच्या-मागच्या सीटवरचे चौघे. बारा जणांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मात्र तुम्ही पाणी कसं पिता यावरही दुपारपर्यंत अकरा जणांचं मत तयार झालेलं असतं. ‘मोजकी माणसं, घरगुती जेवण, मालवण किनाऱ्याची खाद्यसंस्कृती’ अशी जाहिरात होती. मी ‘मोजकी माणसं’ला भुललो. बायको ‘घरगुती जेवण’ला भुलली, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं होतं.

मी तळवड्यात शीट मेटलच्या एका लहान कारखान्यात पर्चेसला आहे. आमच्याकडे एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मधल्या रस्त्यावर चाकणचे कंटेनर. इंद्रायणीकाठ असल्यामुळे आसपास माळकरी भरपूर, त्यामुळे मासे खाणाऱ्याला फुकटची ख्याती मिळते. मी निगडीत जाऊन अधूनमधून सुरमई थाळी खातो. तेवढ्या भांडवलावर कंपनीत मी माशांतला दर्दी म्हणून ओळखला जातो. कुणाला पापलेट घ्यायचं असलं की फोन मला येतो.

फोंडा घाट उतरेपर्यंत मी गाडीतल्या सगळ्यांना ताजा मासा कसा ओळखावा ते सांगून टाकलं होतं. कल्ले लाल हवेत, डोळे चकचकीत हवेत, बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. बँकेतून निवृत्त झालेले निगडीचे काका-काकू ऐकत होते, सॉफ्टवेअर पार्कमधली दोन पोरं कानात बोंडं घालून ऐकल्यासारखं करत होती, आणि आमचा वाटाड्या, कुडाळकडचा तरणा मुलगा, प्रत्येक वाक्याला ‘होय होय’ म्हणत होता. कोकणातला माणूस वाद न घालता ‘होय होय’ म्हणायला लागला की आपण गप्प बसायचं असतं. हे मला पुढे कळलं.

पहिल्याच जेवणात बांगड्याचं तिखलं आलं. लालभडक, अंगाबरोबर रस्सा, त्यात चण्याएवढी काळपट टरफलं. आतलं बी काढून टाकलेली, फुलासारखी उमललेली. ती तिरफळं. चीनच्या सिच्वान प्रांतात जी मिरी वापरतात, तिच्याच कुळातली. ती नुसती वासासाठी ठेचून घालतात आणि खाताना ताटाच्या कडेला काढून ठेवतात. मला वाटलं मिरीचाच मोठा भाऊ. दर्दी माणूस काही टाकत नसतो, म्हणून दोन तिरफळं मी चवीने चावली. आधी लिंबासारखा वास आला, मग जिभेला मुंग्या आल्या, मग जीभ गेली. तोंडात होती, पण आपली वाटत नव्हती. घरच्या काकू दारातून म्हणाल्या, “तिरफळ चावूचा नसता, भाऊ. बाजूक काढूचा.” मी उत्तरादाखल जे काही बोललो ते कुणालाच कळलं नाही. निवृत्त काकांच्या चेहऱ्यावर फोंडा घाटापासून पहिल्यांदाच समाधान दिसलं.

संध्याकाळपर्यंत जीभ परत आली, पण तोवर सिंधुदुर्ग बघून झाला होता, त्यामुळे किल्ल्यावर माझं भाषण झालं नाही. गटाने त्या सफरीला सर्वाधिक गुण दिले. वाटाड्याने फार छान सांगितलं: २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर महाराजांनी पायाभरणी केली, तीन वर्षांत काम उभं राहिलं, पाया बसवताना शिसं ओतलं, चहूबाजूला खारं पाणी असून आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. मी एरवी शिशाचा त्या काळचा दर विचारला असता. मुख्य दरवाजा बाहेरून अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, हेही त्याने दाखवलं. परतीच्या होडीला मीच सगळ्यात उशिरा पोचलो, कारण तो मला आतूनही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवबागला रापण. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते आणि मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसं दोर धरून ते ओढत आणतात. यंत्र नाही, आवाज नाही, नुसतं वाळूत टाच रोवून मागे मागे सरकत जाणं. पाहुण्यांनाही दोराला हात लावू देतात. मी चपला नीट जोडीने पाण्यापासून लांब ठेवल्या आणि दोर धरला. पाचच मिनिटांत लक्षात आलं की दोर मी ओढत नसून दोर मला समुद्राकडे नेतोय. तेव्हा मी सुपरव्हिजनची बाजू सांभाळली. “डावीकडचे जरा जोर लावा,” वगैरे. डावीकडे साठी उलटलेली एक मावशी होती. लुगड्याचा काष्टा, कमरेला दोराचा वेढा. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाळ्यात पेडवे आले, थोडी सुंगटं आली, बाकी शेवाळ. हात लावल्याबद्दल माझ्या पिशवीत ओंजळभर पेडवे पडले. मी विचारलं, सुरमई नाही का? सगळी रापण हसली.

भरती चढत असते ही गोष्ट शाळेत भूगोलात होती. माझ्या चपला ज्या ठिकाणी होत्या त्या ठिकाणी आता समुद्र होता.

मालवणच्या बाजारात चपलांचं दुकान लगेच सापडलं, जोड बसला, रंगही बरा होता. पण पर्चेसचा माणूस सांगितलेल्या किमतीला वस्तू घेत नाही. मी निम्म्यावर आणायचा प्रयत्न केला. दुकानदार म्हणाला, “एकच भाव.” मी आमच्याकडची हमखास युक्ती केली: जोड खाली ठेवला, मान हलवली आणि दुकानाबाहेर पडलो. तुळशीबागेत चौथ्या पावलाला हाक येते. इथे मी पुढच्या चौकापर्यंत गेलो, हाक आली नाही. वळून बघितलं तर तो पेपर वाचत होता. परत जाणं म्हणजे अकरा जणांसमोर परत जाणं, म्हणून मी तत्त्वाने अनवाणी राहिलो. बायको म्हणाली, “अहो, मी आणते जाऊन.” मी नको म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती एकदाच विचारते.

त्या दुपारचं जेवण हा या सहलीचा कळस. तिरफळाचा धसका होता, पेडव्यांचे काटे मोजून कंटाळलो होतो. स्वयंपाकघरातून ‘मटण’ असा शब्द कानावर आला आणि मी जाहीर केलं की आज आपल्याला मासे नकोत, मटणच वाढा. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाल्याचा तो गडद रंग, बरोबर वडे आणि सोलकढी. पहिला घास घेतला आणि थांबलो. सांगितल्याशिवाय राहवेना. “काकू, बोकड कोवळा आहे. आमच्याकडे असं मटण मिळत नाही. आणि शिजवलंय काय! हाडंसुद्धा मऊ शिजलीत, चावता येतायत.” पोरांना म्हणालो, बघा, चुलीवरच्या स्वयंपाकाचा हा फरक. तिसऱ्यांदा मागून घेतलं. काकू वाढता वाढता थांबल्या.

“बोकड खंयचो ओ? मोरी ती, मोरी.”

मोरी म्हणजे लहान शार्क. इकडे तिचं मटणाच्याच मसाल्यात कालवण करतात आणि त्याला मोरीचं मटण म्हणतात. शार्कला हाडंच नसतात, सगळा सांगाडा कुर्चेचा. मी ज्याचं कौतुक करत होतो तो काकूंच्या चुलीचा नव्हे, निसर्गाचा पराक्रम होता. चाळीस जणांच्या बसमध्ये ही गोष्ट चार टेबलांपलीकडे गेली नसती. इथे सगळ्यांचं एकच टेबल.

रात्री जवळच्या गावात देवळाच्या जत्रेत दशावतार होता. दिवाळीनंतर या जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावतारी मंडळींचा हंगाम. नाटकाची संहिता लिहिलेली नसते. पुराणातलं आख्यान ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. बायकांची कामं पुरुषच करतात, आणि अशी करतात की आमच्यातल्या काकू साडी नेसण्याची पद्धत बघून ठेवत होत्या. आधी गणपती, सरस्वती, मग काळ्या वेषातला संकासुर. हा प्रेक्षकांची टर उडवतो, त्याला ती मुभाच आहे. मी दुपारच्या जेवणाच्या अमलाखाली डुलत होतो. आमचा वाटाड्या मात्र मघाशी रंगपटात चहा प्यायला गेला होता, ते मला दिसायला हवं होतं.

संकासुर पुढे आला, पेटीवाल्याकडे वळून म्हणाला, “पुण्यासून पावणे इलेत. तेंचो बोकड म्हणे दर्यात चरता!”

मृदंगावर थाप पडली. अख्खं देऊळ वळून बघायला लागलं. गर्दीत मी ओळखू आलो नसतो, पण माझ्या गटाने अकरा बोटं माझ्याकडे केली. दाद द्यावी असं ते टायमिंग होतं; मीही टाळी वाजवली. तळहात दोराने सोलले गेल्यामुळे ती एकच वाजली.

शेवटच्या दिवशी आधी पिंगुळीला थांबलो. तिथे ठाकर समाजातल्या कलावंतांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हातातलं एकेक चित्र पुढे धरून रामायण सांगायची ती पद्धत बघायला आम्हाला अर्धा तास दिला आणि पुढच्या घरी आंबोळ्यांना दीड तास. आयोजकांचं हे गणित मला पटलं नाही, पण बोलायचं कुठल्या तोंडाने? आंबोळ्या मीच जास्त खाल्ल्या.

तिथून आरवलीचा वेतोबा. भक्त या देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. दुपारच्या उन्हात जांभ्या दगडावरून नाचत नाचत देवळात शिरलो तर समोर चपलांची रांग. एकेक हातभर लांब, जाड तळाच्या, नव्या कोऱ्या. मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन. निवृत्त काका शांतपणे म्हणाले, “मोठा पडेल तुम्हाला. आणि इथे भाव करता यायचा नाही.”

शिरोड्याच्या बाजारात बायकोने न विचारता रबरी स्लिपर आणून पायाशी टाकल्या. छापील किमतीला.

आता कंपनीत पापलेटसाठी फोन येत नाहीत. बायकोने सहलीचे फोटो टाकले, मजकुरासकट. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, म्हणजे दशावतार सापडेल. १ जूनपासून मासेमारीला बंदी लागते, तेव्हा जाऊन सुरमई मागू नका. पिंगुळीला अर्धा दिवस ठेवा. तिरफळ बाजूला काढा. आणि मोरीचं मटण मिळालं तर सोडू नका. ते उत्तम लागतं. हे मत मी शार्क आहे हे कळायच्या आधीच दिलं होतं, त्यामुळे ते निःपक्षपाती आहे.